बाईनं मंडळीत शिकवावं का? एक वचन, दोन बिशप आणि निफाडचे रानडे

पीएच.डी.ची तयारी करणाऱ्यांशी बोलताना एक गोष्ट नेहमी जाणवते. धर्म आणि स्त्रिया या विषयावर काम करायचं म्हटलं की बहुतेक जण एकच प्रश्न घेऊन येतात : 'धर्मग्रंथ काय म्हणतो?' प्रश्न चुकीचा नाही, पण त्यावर संशोधन उभं राहत नाही. ग्रंथ काय म्हणतो यावर दोन हजार वर्षं वाद चालू आहे आणि तुमचा तीनशे पानांचा प्रबंध तो मिटवणार नाही. संशोधकाचा प्रश्न थोडा वेगळा असतो : हे वचन कोणी, कधी, कोणासमोर आणि कशासाठी पुढे केलं? आणि पुढे केलं नाही, तर त्याऐवजी काय सांगितलं?

या लेखात हे एका प्रकरणावर करून बघू. विषय आहे, ख्रिस्ती मंडळीत बाईनं उपदेश करावा की नाही. प्रकरण आहे १८८५ सालचं, पंडिता रमाबाईंचं. आणि यात निफाडचा एक माणूस दोनदा येतो, तेही अगदी मोक्याच्या जागी.

आधी वचनं, पण सगळी

या वादात दोन वचनं सगळ्यांना पाठ असतात. पहिलं १ तीमथ्य २:११-१२. तिथे स्त्रीनं शांतपणे शिकावं, तिनं शिकवणं किंवा पुरुषावर अधिकार चालवणं याला परवानगी नाही, असा आशय आहे. दुसरं १ करिंथ १४:३४-३५. तिथे स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं आणि काही विचारायचं असेल तर घरी नवऱ्याला विचारावं, असं म्हटलं आहे. बाईनं उपदेशपीठावर उभं राहू नये म्हणणारे या दोन वचनांवर उभे असतात.

आता त्याच करिंथकरांच्या पत्रात तीन अध्याय मागे जा. ११:५ मध्ये स्त्रीनं प्रार्थना करताना किंवा संदेश देताना डोकं झाकावं की नाही याची चर्चा आहे. म्हणजे स्त्रिया मंडळीत बोलत होत्या हे तिथे गृहीतच धरलंय, वाद फक्त पदराचा! प्रेषितांची कृत्ये १८:२६ मध्ये प्रिस्किल्ला आणि तिचा नवरा अक्विला हे अपुल्लो नावाच्या विद्वानाला नीट समजावून सांगतात. २१:९ मध्ये फिलिप्पाच्या संदेश सांगणाऱ्या चार मुली येतात. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात फीबीसाठी 'दियाकोनोस' हा ग्रीक शब्द आहे, जो पौल स्वतःसाठीही वापरतो. त्याच अध्यायात युनिया हे नाव प्रेषितांच्या संदर्भात येतं. विसाव्या शतकातल्या कितीतरी आवृत्त्यांनी ते पुरुषाचं नाव म्हणून छापलं आणि नंतरच्या संपादकांनी पुन्हा बाईचं केलं. योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थानाची बातमी शिष्यांना जाऊन सांग, असं सांगितलं जातं ते मरीया मग्दालियेला. आणि गलती ३:२८ म्हणतं की ख्रिस्तात पुरुष-स्त्री असा भेद नाही.

इथे नवखा संशोधक दोन रकाने आखतो. एका बाजूला 'विरोधी' वचनं, दुसऱ्या बाजूला 'अनुकूल', आणि शेवटी बेरीज. असं करू नका. प्रत्येक वचनाचं स्वतःचं दुखणं असतं. तीमथ्याच्या वचनात 'अधिकार चालवणं' यासाठी जो ग्रीक शब्द आहे तो नव्या करारात फक्त एकदाच येतो, त्यामुळे त्याची नेमकी छटा कोणती यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. करिंथमधली 'गप्प राहा' ही वचनं काही जुन्या हस्तलिखितांत चाळिसाव्या ओवीनंतर, म्हणजे अध्यायाच्या शेवटी सापडतात. म्हणून ती मूळची की मागाहून आत आलेली, हा प्रश्न काही विद्वान गंभीरपणे विचारतात. शिवाय हे पत्र पौलानंच लिहिलं का, हा तीमथ्याच्या बाबतीत वेगळा वाद आहेच. निकाल द्यायची आपल्याला घाई नाही. वचन हा तुमचा पुरावा असेल तर त्या पुराव्याची जागा, प्रत आणि भाषा तपासायची, एवढंच.

भाषांतर : मराठीत बाई कुठे लपते

आता एक छोटा प्रयोग करा. घरात किंवा ग्रंथालयात मराठी बायबलच्या दोन वेगवेगळ्या आवृत्त्या मिळवा आणि स्तोत्रसंहिता ६८:११ काढा. प्रभू शब्द देतो आणि ती वार्ता सांगणाऱ्यांची मोठी फौज निघते, असा त्याचा आशय आहे. मूळ हिब्रूमध्ये 'वार्ता सांगणाऱ्या' हे रूप स्त्रीलिंगी अनेकवचनी आहे. म्हणजे ती फौज बायकांची.

१६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात हे स्त्रीलिंग दिसतच नाही. १८८५ साली जुन्या करारासह पूर्ण झालेल्या सुधारित इंग्रजी भाषांतरात मात्र 'स्त्रिया' हा शब्द स्पष्ट आला. मराठीची गंमत आणखी वेगळी आहे. आपण म्हणतो, मराठीत लिंग लपवता येत नाही, क्रियापदच सांगून टाकतं. पण 'सांगणाऱ्यांची सेना' म्हणा, बाई गेली! सामान्यरूपात 'सांगणाऱ्यांची' हे पुरुषांनाही चालतं आणि बायकांनाही. 'सांगणाऱ्या स्त्रियांची' असं भाषांतरकारानं मुद्दाम लिहिलं तरच ती दिसते. तेव्हा तुमच्या हातातल्या दोन आवृत्त्यांत काय आहे ते टिपून ठेवा. साल, प्रकाशक, भाषांतराचं मंडळ, सगळं. एका प्रत्ययाच्या निर्णयामागे एखादी समिती बसलेली असते.

हे उदाहरण उगाच घेतलं नाही. रमाबाईंनी आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर केलं. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या, त्याआधी हे काम हातावेगळं झालं होतं, आणि केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात बायका-मुलींनीच ते जुळवलं आणि छापलं. मूळ भाषांतून अख्खं बायबल एकटीनं भाषांतरित करणाऱ्या बायका जगात मोजक्याच आहेत. त्यांतली एक मराठीत होऊन गेली. 'बाईनं शास्त्र शिकवावं का' या प्रश्नावर त्यांनी वाद घालण्यापेक्षा शास्त्रच आपल्या हातानं उतरवलं, असं म्हटलं तरी चालेल. पण तिथपर्यंतचा रस्ता सरळ नव्हता.

१८८५ : चेल्टनहॅमचा पेच

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना धर्मपीठापुढे जाब द्यावा लागला. त्यांनी शास्त्राचेच आधार काढून स्त्रियांना पुराणादी संस्कृत वाङ्मय शिकता येतं हे मांडलं. वेद मात्र स्त्रियांना वर्ज्य, ही मर्यादा त्यांनीही मानली. पुढे आई-वडील दुष्काळात गेले. रमाबाई आणि त्यांचा भाऊ पुराणं सांगत देशभर पायी हिंडले. १८७८ मध्ये कलकत्त्यात त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. तिथेच केशवचंद्र सेन यांनी वेदाची प्रत हातात ठेवून 'वाचलंत का?' असं विचारलं, तेव्हा स्त्रियांना तो अधिकार नाही असं उत्तर रमाबाईंनी दिलं, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. तेव्हा त्या विशीत होत्या.

हा तपशील मनात ठेवा. इंग्लंडला जाण्याआधीच 'बाईला शास्त्राचा अधिकार आहे का' हा प्रश्न त्यांनी दोन पिढ्या अनुभवला होता, तोही हिंदू परंपरेच्या आत.

१८८२ मध्ये, वैधव्यानंतर, त्या पुण्यात आल्या. इथे पहिल्यांदा आपला निफाडकर येतो. १८ जानेवारी १८४२ रोजी निफाडला जन्मलेले महादेव गोविंद रानडे हे पुण्यातल्या सुधारक मंडळींचे आणि प्रार्थना समाजाचे आधारस्तंभ होते. याच वर्तुळानं रमाबाईंचं स्वागत केलं. त्यांच्या व्याख्यानांना रानड्यांच्या पत्नी रमाबाई रानडे जात, आणि त्यावरून घरातल्या जुन्या बायकांनी त्यांना किती ऐकवलं ते त्यांनी आपल्या आठवणींत सांगितलं आहे. आर्य महिला समाज त्याच वर्षी निघाला. हंटर आयोगापुढे रमाबाईंची साक्षही त्याच वर्षी झाली.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मग डोरोथिया बील यांच्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकू लागल्या, शिकवूही लागल्या. १८८५ मध्ये प्रश्न आला : रमाबाईंनी तरुण पुरुषांनाही शिकवावं का? वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन अस्वस्थ झाल्या. त्यांनी हिंदुस्थान ओळखणाऱ्या दोन बिशपांचा सल्ला घेतला. एक लाहोरचे बिशप फ्रेंच, दुसरे मुंबईचे बिशप माइल्न. दोघांनीही नको म्हटलं.

आता संशोधकाच्या नजरेनं बघा. दोघेही बिशप आहेत. बाईनं पुरुषांना शिकवू नये असं वाटत असेल तर तीमथ्याचं वचन त्यांच्या खिशातच असणार. पण आक्षेपाचा भर त्यावर नाही. भर आहे हिंदुस्थानवर. पुरुषांना शिकवल्याचं कळलं तर मायदेशी हिचा प्रभाव कायमचा संपेल, असा त्यांचा सूर आहे. साध्या मराठीत सांगायचं तर 'लोक काय म्हणतील?' आणि लोक म्हणजे रमाबाईंचेच लोक.

रमाबाईंचं उत्तर वाचण्यासारखं आहे. त्यांनी आश्चर्य व्यक्त केलं, की माझ्या आईनं आणि मी तरुण पुरुषांना शिकवलं, त्याला ना माझ्या वडिलांनी कधी हरकत घेतली, ना माझ्या नवऱ्यानं. मग इथे का? पुढे जाऊन त्यांनी हेही सांगितलं की मला माझी सदसद्विवेकबुद्धी आहे, आणि धर्मगुरूच्या तोंडून आलेला प्रत्येक शब्द देवाचा म्हणून स्वीकारायला मी बांधलेली नाही. त्या वेळी त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या, बाप्तिस्मा घेऊन दोन वर्षंही झाली नव्हती, आणि मुलीसह त्या याच मंडळींच्या आश्रयाला होत्या. बोलण्याची किंमत त्यांना माहीत होती.

अंदाज तपासून बघा

इथे बरेच विद्यार्थी थांबतात आणि 'वसाहतवादी बिशप विरुद्ध बंडखोर रमाबाई' असं शीर्षक देऊन मोकळे होतात. थोडं थांबा. बिशपांचं म्हणणं हा एक अंदाज आहे, आणि अंदाज तपासता येतो. पुरुषांना शिकवलं तर भारतात प्रभाव संपेल, असं ते म्हणाले. संपला का?

१८८९ मध्ये रमाबाई परतल्या, ११ मार्चला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. डिसेंबरात मुंबईच्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेत त्या विधवांच्या केशवपनाविरुद्ध बोलल्या. समोर प्रामुख्यानं पुरुषच होते. परिषदेचे सूत्रधार कोण? रानडे. आवाज पोचेना तेव्हा त्यांनी सभेला सुनावलं, की बाईला आवाज कमावण्याची संधी तुम्ही दिलीत कुठे, अशी आठवण त्यांचे चरित्रकार सांगतात. म्हणजे निदान या सभेत, या वर्तुळात, पुरुषांपुढे बोलण्यानं त्यांचं वजन गेलं नाही. शारदा सदनाच्या सल्लागार मंडळात रानडे आणि भांडारकर होतेच.

मग १८९३ उजाडलं. सदनातल्या हिंदू मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात, यावरून गदारोळ झाला. रानडे, भांडारकर आणि इतर सल्लागारांनी राजीनामे दिले. निफाडचा माणूस दुसऱ्यांदा येतो तो असा, दार बंद करताना. प्रभाव गेलाच, पण बिशपांनी सांगितलेल्या कारणानं नाही. बाई पुरुषांना शिकवते, यापेक्षा बाई काय शिकवते हे पुण्याला जड गेलं. बिशपांनी समाजाची नस ओळखली असं त्यांना वाटत होतं. त्यांनी पकडली ती वेगळीच नस.

याला दुसरी बाजूही आहे, ती झाकू नका. पुण्यातल्या सनातनी घरांत बाईचं जाहीर बोलणं खपत नव्हतंच, रमाबाई रानड्यांच्या आठवणी हेच सांगतात. तेव्हा 'हिंदी समाज' हा एक गठ्ठा नव्हता. पुराण सांगत फिरणारं डोंगऱ्यांचं कुटुंब, प्रार्थना समाजाची मंडळी आणि वाड्यातल्या सासवा, या तिघांचं मत तीन दिशांचं. 'भारतात असं चालत नाही' हे वाक्य तुमच्या कागदपत्रांत जिथे जिथे येईल, तिथे तिथे 'कोणाच्या भारतात?' असं समासात लिहा.

उपदेशपीठाबाहेरचा उपदेश

याच काळात मराठी मुलखात बायका ख्रिस्ती उपदेश करतच होत्या. १८८२ मध्ये मुंबईत मुक्तिफौज आली. तिच्यात बायका अधिकारी असतात आणि भर चौकात बोलतात. संस्थापकांपैकी कॅथरीन बूथ यांनी १८५९ मध्येच स्त्रियांच्या उपदेशाच्या बाजूनं पुस्तिका लिहिली होती. मिशनच्या पगारावर घरोघरी जाऊन शास्त्र वाचून दाखवणाऱ्या 'बायबल बाया' होत्या. जिथे पाळकाला माजघरात प्रवेश नव्हता, तिथे त्या जात. १९०५ मध्ये केडगावला जे धार्मिक पुनरुज्जीवन झालं, त्यातून मुलींच्या तुकड्या आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला बाहेर पडल्या. यांतल्या बहुतेकींना कोणी पाळकीय दीक्षा दिली नव्हती.

आणि नाशिकपाशी जलालपूरला १८६८ मध्ये जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक. नवऱ्यानं, म्हणजे ना. वा. टिळकांनी, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला १९०० मध्ये, पाच वर्षांनी, स्वतःच्या बुद्धीनं पटल्यावर. 'घरी नवऱ्याला विचारावं' या वचनाची याहून सुंदर परीक्षा क्वचितच झाली असेल! टिळक १९१९ मध्ये गेले. त्यांनी सुरू केलेलं 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. ख्रिस्ताचं चरित्र ओवीत, म्हणजे ज्या साच्यात आपल्याकडे पोथी वाचतात त्याच साच्यात. फारसं शालेय शिक्षण नसलेली बाई मराठी ख्रिस्ती मंडळींना शास्त्र सांगते आहे. हा उपदेश नव्हे तर काय?

म्हणून शब्दांच्या व्याख्या आधी ठरवा. 'शिकवणं', 'उपदेश', 'साक्ष देणं', 'दीक्षा' हे चार वेगवेगळे शब्द आहेत आणि वेगवेगळ्या मंडळ्यांनी त्यांच्यामध्ये वेगवेगळ्या ठिकाणी रेघ मारली आहे. रोमन कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेनुसार मिस्सातलं प्रवचन पाळक किंवा डीकनच करू शकतो. पण काही परिस्थितींत सामान्य स्त्री-पुरुषांना चर्चमध्ये उपदेश करू देता येतो. स्त्रियांना पुरोहितदीक्षा देण्याचा अधिकार चर्चला नाही, असं १९९४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी जाहीर केलं. त्याच १९९४ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडनं पहिल्या स्त्रियांना पुरोहितदीक्षा दिली. नाशिकची जुनी अँग्लिकन मंडळी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आली, आणि त्या चर्चमध्ये स्त्रियांना दीक्षा मिळते. दक्षिणेत चर्च ऑफ साउथ इंडियानं २०१३ मध्ये पुष्पा ललिता यांना बिशप केलं. वचनं तीच. रेघा वेगळ्या.

तुमच्यासाठी काम

या विषयावर आराखडा लिहायचा असेल तर तीन गोष्टी सुचवतो.

पहिली, पुरावा कोणी जपला ते बघा. १८८५ चा हा पत्रव्यवहार आपल्या हातात आहे, कारण तो खुद्द सिस्टर जेराल्डिन यांनी गोळा करून लावून ठेवला. १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनात महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं तो प्रसिद्ध केला. म्हणजे वादातल्या एका पक्षानं फाइल तयार केली आहे. त्यातले शेरे, क्रम, गाळलेल्या जागा वेगळ्या वाचायच्या.

दुसरी, युक्तिवादाचा प्रकार नोंदवा. प्रत्येक विधानापुढे खूण करा : वचनाचा आधार, परंपरेचा आधार, की लोकलज्जेचा आधार? बिशपांच्या पत्रांवर ही खूण करून बघा, अख्खं प्रकरण वेगळं दिसायला लागेल.

तिसरी, आपल्या जवळून सुरुवात करा. निफाड, लासलगाव, मनमाड, नाशिक, कुठलाही तालुका घ्या. मंडळीत वचन कोण वाचतं, प्रार्थना कोण चालवतं, रविवारचा उपदेश कोण करतं, आजारी माणसाच्या घरी शास्त्र घेऊन कोण जातं? या चार प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी येतील, आणि बाईला कुठे उभं राहू देतात ते त्या फरकांतून कळेल. मुलाखतीआधी संमती घ्या, नावं बदला. आणि 'चर्चचं मत काय?' असं विचारू नका. 'मागच्या रविवारी कोण बोललं?' असं विचारा.

रमाबाईंच्या प्रकरणात वचनावर वाद झालाच नाही असं मला म्हणायचं नाही. वचन मागे उभं होतंच. पण पुढे बोलत होती ती भीती, आणि तिनं कपडे घातले होते हिंदुस्थानच्या रीतीभातींचे. ज्या बाईची ती रीत होती, तिनं सांगितलं की ही माझ्या घरची रीत नाही. एवढं ऐकून घ्यायला दोन बिशप आणि एक सिस्टर तयार नव्हते. तुम्ही ज्यांच्यावर लिहिणार आहात, त्यांचं तेवढं तरी आधी ऐका. आराखडा मग लिहा.